संत गोन्सालो गार्सिया : आधी देव, मग व्यवहार



ज्युबिलीचा हा मंगल दिवस परमेश्वराने आपल्या धर्मग्रामास दाखविला, याबद्दल त्याचे उपकार मानावे तितके थोडेच होत. अशा प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत मागील पिढ्यांची आठवण असावी, मंदिराच्या उभारणीची हकीकत असावी, ज्यांनी हातभार लाविला त्यांची नावे असावीत, हे सर्व योग्यच आहे. परंतु दगडविटांच्या मंदिराचा महोत्सव साजरा करिताना, ज्या अंतःकरणांसाठी ते मंदिर उभे राहिले त्यांची विचारपूस न करणे बरे नव्हे. म्हणून या पानांवर आम्ही एका संताचे चरित्र सादर करीत आहोत. हा संत रोमचा नव्हे, स्पेनचा नव्हे. तो आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वसई येथे जन्मला. तो धर्मगुरू नव्हता. बरीच वर्षे तो व्यापारी होता, आणि चांगला चालता व्यापार त्याच्या हाती होता.

आम्ही हाच संत का निवडिला, तेही सांगतो. आपल्या लोकांच्या तोंडी एक उत्तर वारंवार येते. प्रार्थनेचे विचारावे, तर वेळ नाही. रविवारच्या मिस्साबलिदानाचे विचारावे, तर कामाची घाई होती. मुलांच्या धर्मशिक्षणाचे विचारावे, तर हंगाम सरल्यावर पाहू. ही उत्तरे सर्वस्वी खोटी नसतात. आष्टीच्या अवर्षणग्रस्त मुलखात पोट भरणे किती कष्टाचे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु वेळ नाही असे म्हणणाऱ्याने, ज्यास खरोखरीच उसंत नव्हती अशा एका मनुष्याने काय केले ते ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.

वसईचे बालपण

वसईचा मुलूख १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांस दिला. तद्नंतर तेथे भक्कम कोट उभा राहिला, चर्चे झाली, मठ झाले, व्यापाराची मोठी पेठ वसली. अशा गजबजलेल्या शहरात इ. स. १५५६ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज होते व आई याच कोकणभूमीची कन्या होती. म्हणजे जहाजांच्या शिडांखाली आणि नारळी-पोफळींच्या सावलीत हे बालक एकाच वेळी वाढले.

कोटात येशूसंघीयांची शाळा होती. गोन्सालो त्या शाळेत सुमारे आठ वर्षे शिकले. लिहिणे-वाचणे आणि धर्मशिक्षण तर त्यांस मिळालेच, पण त्याहून मोठी गोष्ट मिळाली ती ही की, दिवसाचा आरंभ कोणापासून करावयाचा हे त्यांस लहानपणीच ठाऊक झाले. वाचकहो, पुढे त्यांच्या आयुष्यात देश बदलले, भाषा बदलल्या, धंदे बदलले. परंतु ही एक सवय बदलली नाही. म्हणूनच मुलांच्या धर्मशिक्षणाचे काम हंगामानंतरवर ढकलू नये, असे आम्ही नेहमी म्हणतो. रोप कोवळे असता त्यास आधाराची काठी लावितात. खोड वाकून जून झाल्यावर ती लावून उपयोग काय?

जपानची वाट

गोन्सालो पंधरा वर्षांचे झाले, तेव्हा त्यांचे गुरू फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्याबरोबर ते जपानला निघाले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ साली जपानात शुभवर्तमानाचे बीज पेरले होते, आणि आता ते पीक उभे राहिले होते. कापणीस माणसे हवी होती. त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे मोसमी वाऱ्यांची वाट पाहत बंदरोबंदरी पडून राहावे, वादळे सोसावी, आजारात सोबती दगावताना पाहावे, असा होता. कोवळ्या वयाच्या या मुलाने तो पार पाडिला.

जपानात गोन्सालो यांनी तेथील भाषा लवकरच आत्मसात केली. शब्द तर शिकलेच, पण त्या लोकांची बोलण्याची रीत, अदब आणि मन हेही त्यांस उमगले. सुमारे आठ वर्षे त्यांनी येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम केले. गावोगाव जावे, मुलांस व नवख्रिस्ती लोकांस प्रार्थना शिकवाव्या, मिशनऱ्यांचे बोलणे लोकांस समजावून द्यावे, हा त्यांचा नित्यक्रम होता. जपानी लोकांत ते आवडते झाले.

त्यांच्या मनात एकच इच्छा होती : येशूसंघात प्रवेश मिळावा. परंतु ती इच्छा सफल झाली नाही. त्यांस संघात घेतले गेले नाही. ज्या दारी आठ वर्षे सेवा केली तेच दार उघडले नाही, याचे दुःख लहान नव्हे. अशा वेळी मनुष्य दोन प्रकारे वागतो. एक तर देवावरच रुसतो, आणि पुन्हा मंदिराची पायरी चढत नाही; किंवा दुसऱ्या मार्गाने सेवा करावी म्हणून तो धीर धरून राहतो. आपल्या धर्मग्रामातही, समितीत नाव आले नाही, अमक्याने मान दिला नाही, एवढ्यावरून वर्षानुवर्षे घरी बसणारी माणसे आढळतात. त्यांनी गोन्सालो यांच्याकडे पाहावे. नकार माणसांकडून आला. त्याचा राग त्यांनी देवावर काढिला नाही.

व्यापाराची भरभराट

आता त्यांनी व्यापार आरंभिला. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव बंदर आणि जपानचे नागासाकी बंदर यांच्यामध्ये त्या काळी फार मोठी उलाढाल चाले. चीनचे रेशीम जपानात जाई, जपानची चांदी चीनकडे येई, आणि दोहोंमधला दुवा पोर्तुगीज जहाजे असत. गोन्सालो यांस जपानी भाषा उत्तम येई. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. स्वभाव सरळ होता. व्यापारास याहून अधिक भांडवल कोणते? त्यांचा धंदा वाढत गेला.

व्यापाऱ्याचे मन कसे गुंतते, हे दुकानदारास सांगावयास नको. माल वेळेवर आला काय, भाव उतरला काय, अमक्याकडील येणे वसूल झाले काय, वारा फिरण्यापूर्वी जहाज सुटेल काय, या विचारांस रात्र नाही आणि रविवारही नाही. आणि यात पाप असे काही नाही. प्रामाणिक व्यापार हा प्रामाणिक शेतीइतकाच चांगला धंदा आहे. धोका आहे तो निराळाच. पापाच्या वाटेने सैतान आला तर भाविक मनुष्य त्यास ओळखतो. पण कामाच्या वाटेने देव हळूहळू दुसऱ्या स्थानी जातो, मग तिसऱ्या, मग शेवटच्या, आणि मनुष्यास त्याचा पत्ताही लागत नाही. बेथानीच्या घरी मार्थाबाई वाईट काम करीत नव्हती. ती प्रभूसाठीच राबत होती. तरीही प्रभूने तिला प्रेमाने सावध केले, कारण कामाच्या धांदलीत ती पाहुण्यालाच विसरू लागली होती.

गोन्सालो यांस हा धोका वेळीच दिसला. धंदा बुडाल्यावर देवाकडे वळणारे पुष्कळ असतात. यांचा धंदा तर चालता होता. वहीत जमेची बाजू भरत असता त्यांनी ती वही मिटली, आणि ते फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरी गेले.

मनिला येथील संघप्रवेश

मनिला येथे स्पेनहून आलेले फ्रान्सिस्कन संघाचे संन्यासी काम करीत होते. असिसीचे संत फ्रान्सिस स्वतः एका धनिक कापड व्यापाऱ्याचे पुत्र होते, आणि त्यांनी गाठोडी टाकून दारिद्र्य पत्करिले होते. गोन्सालो यांनी त्यांचीच वाट धरिली. १५८७-८८ च्या सुमारास ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. ते तेथे धर्मगुरू झाले नाहीत, तर साधे ब्रदर म्हणून राहिले. वेदीवर उभे राहून मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांस नव्हता. सेवा करण्याचा मात्र होता, आणि तेवढ्याने ते संतुष्ट होते.

येथे कोणी म्हणेल : त्यांनी संसारच केला नाही, मठात गेले, त्यांस प्रार्थनेला वेळच वेळ, आम्हां प्रापंचिकांचे तसे कोठे आहे? हा आक्षेप वरवर खरा दिसतो. पण पुढील हकीकत ऐकली म्हणजे कळेल की, व्यापारी गोन्सालो यांच्यापेक्षा संन्यासी गोन्सालो यांस कामे अधिकच होती. मठात गेल्याने त्यांची कामे सुटली नाहीत. कामांचा क्रम मात्र ठरला.

दुभाषा, शुश्रूषक आणि भिक्षू

त्या वेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती होती. त्याने १५८७ साली मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढिला होता, जरी त्याची अंमलबजावणी पुरती झाली नव्हती. पुढे हिदेयोशी आणि मनिलाचे स्पॅनिश सरकार यांच्यामध्ये ताण वाढला, तेव्हा मनिलाच्या गव्हर्नराने १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानास पाठविले. त्यांच्यासोबत तीन फ्रान्सिस्कन होते, आणि त्यांतील एक ब्रदर गोन्सालो. जपानी भाषा जाणणारा त्यांच्याइतका भरवशाचा मनुष्य दुसरा नव्हता.

अशा रीतीने वसईचा हा पुत्र एका सामर्थ्यवान राज्यकर्त्यापुढे दुभाषा म्हणून उभा राहिला. एक शब्द चुकता तर दोन राज्यांत वितुष्ट येते, आणि सोबत्यांचे प्राणही जाते. त्यांनी हे काम इतक्या कुशलतेने केले की संन्याशांस जपानात राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो शहरी त्यांनी चर्च बांधिले आणि त्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडिली.

आता यांच्या दिनक्रमाचा विचार करा. दरबारी बोलावणे आले की तेथे जावे; नवीन आलेल्या फादरांस भाषेची अडचण, ती निवारावी; लोकांस धर्मशिक्षण द्यावे; ज्यांस नातलगांनीही टाकिले त्या कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करावी. आणि हे सर्व करिताना संघाच्या नियमाप्रमाणे प्रार्थनेच्या वेळा पाळाव्या. प्रार्थनेमुळे त्यांचे एकही काम अडले नाही. उलट, दरबारी मान आणि कुष्ठरोग्याची जखम या दोहोंपुढे सारख्याच शांतपणे उभे राहण्याचे बळ त्यांस त्या प्रार्थनेतूनच मिळत होते, असे आम्हांस वाटते. ज्याचे पहिले स्थान ठरलेले असते, त्यास बाकीची स्थाने ठरविताना गोंधळ होत नाही.

नागासाकीची टेकडी

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. या प्रकरणातून संशय वाढला, की मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनचे सैन्यही येईल. हिदेयोशीचा रोष भडकला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात क्योतो व ओसाका येथील फ्रान्सिस्कनांस पहाऱ्यात ठेविले गेले. त्यांच्याबरोबर जपानी ख्रिस्ती लोकही धरिले गेले.

१५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि गाडीतून त्यांची शहरभर धिंड काढिली. नंतर ऐन हिवाळ्यात, बर्फाळ वाऱ्यात, त्यांस नागासाकीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर नेण्यात आले. इतरांस दहशत बसावी म्हणून ही लांबची वाट होती. परंतु वाटेत लोकांनी पाहिले ते रडणारे गुन्हेगार नव्हेत, तर प्रार्थना करीत चाललेली माणसे. आरंभी ते चोवीस होते. वाटेत सोबत करणारे आणखी दोघे त्यांत घेतले गेले आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, त्यांत सुप्रसिद्ध पॉल मिकी, आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत लुईस इबाराकी हा बालक अवघा बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. परंपरा सांगते की, क्रूसावर चढविले गेलेल्यांत पहिले होते ब्रदर गोन्सालो. ज्या बंदराशी त्यांनी एके काळी व्यापार केला, ज्याच्या पाण्यात त्यांच्या मालाची जहाजे नांगर टाकीत, त्याच बंदरासमोर त्यांस क्रूसास बांधण्यात आले आणि भाल्यांनी त्यांचे शरीर विंधिले गेले. वय सुमारे चाळीस. तेथून खाली पाहता ती जहाजे, ती वखारींची छपरे, तो किनारा त्यांच्या नजरेस पडला असेल. ते सर्व त्यांनी पूर्वीच सोडिले होते. म्हणून त्या दिवशी सोडावयास त्यांच्यापाशी प्राणाखेरीज काही उरले नव्हते.

बीज आणि पीक

१६२७ साली परमगुरू आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून जाहीर केले, आणि ८ जून १८६२ रोजी परमगुरू नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. भारतभूमीत जन्मून संतपदास पोहोचलेले पहिले पुरुष ते हेच, आपले गोन्सालो गार्सिया. ख्रिस्तसभेच्या सार्वत्रिक पंचांगात या सव्वीस जणांचे स्मरण ६ फेब्रुवारीस होते.

जपानात पुढे ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मंदिर नाही. तरीही आईबापांनी मुलांस गुपचूप बाप्तिस्मा दिला, प्रार्थना तोंडपाठ करून पुढच्या पिढीच्या स्वाधीन केल्या. दोनशेहून अधिक वर्षे लोटली. नागासाकीत याच सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावे ओउरा येथे चर्च उभे राहिले, आणि १७ मार्च १८६५ रोजी काही खेडूत तेथे आले व आपण ख्रिस्ती असल्याचे त्यांनी फादरांस हळूच कळविले. धर्मगुरूवाचून सात-आठ पिढ्या ज्यांनी श्रद्धा जपली, त्यांचे ते वंशज होते. संतपदाच्या शताब्दीस, १९६२ साली, निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले.

वसईचा कोट १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकिला. तेथील मठ आज भग्न आहेत, परंतु वसईची श्रद्धा भग्न झाली नाही. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आणि जपानशी आपल्या बाजूचेही एक नाते आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील केंदळ येथून १९०३ साली ज्यांनी निरोप्या मासिक सुरू केले, ते फादर हेन्री डोरिंग पुढे पुण्याचे महागुरुस्वामी झाले, आणि मध्यंतरी काही वर्षे त्यांनी जपानात हिरोशिमा येथे धर्मसेवा केली. वसईहून एक गेला, आपल्या शेजारच्या केंदळचा दुसरा गेला. देवाच्या शेतात अंतर मोजीत नाहीत.

आपणांसाठी

आता आपल्याकडे वळू. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. गाळपाचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे आगमनकाळ, नाताळ, संत गोन्सालो यांचा सण, आणि बहुधा प्रायश्चित्तकाळाचाही बराच भाग फडात आणि खोपीतच जातो. पहाटेच्या अंधारात कोयता हाती येतो. मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत पाठ सरळ होत नाही. अशा बंधुभगिनींस आम्ही दोष द्यावा काय? मुळीच नाही. परंतु त्यांनी देवास गावीच कुलपात ठेवून जावे, हे मात्र आम्हांस मान्य नाही. ज्यांस क्रूसाच्या वाटेवरही प्रार्थना सुटली नाही, त्यांचे आपण भक्त. आपणांस फडाच्या वाटेवर ती का सुटावी?

मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत मनुष्य शब्दास बांधला जातो. प्रामाणिक टोळी ती बुडवीत नाही. मग ज्याने श्वास दिला, लेकरे दिली, बाप्तिस्म्यात आपला वारसा दिला, त्याची उचल किती मोठी! ती फेडणे तर कोणास शक्य नाही. निदान दररोज तिची आठवण ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. गावाबाहेर पडण्यापूर्वी सर्व कुटुंबाने पापनिवेदन करून ख्रिस्तशरीर घ्यावे. सामानात जपमाळ असावी. पहाटे कोयता उचलण्यापूर्वी क्रूसाची खूण करावी. त्यास क्षणभरच लागतो. रात्री चूल विझण्यापूर्वी आईने मुलांकडून प्रार्थना म्हणवून घ्यावी. जपानच्या मातांनी तेवढ्यानेच श्रद्धा जिवंत ठेविली. कारखान्याच्या जवळपास चर्च कोठे आहे, हे पोहोचल्याबरोबर विचारून ठेवावे, आणि रविवारी जमेल तेव्हा जावे. जे गावी राहतात, त्यांनी मागे राहिलेल्या आजीआजोबांस व मुलांस मंदिरात आपल्याबरोबर आणावे. आणि दुकानदार, शिक्षक, नोकरदार, ज्यांस फडाची नव्हे पण हिशेबांची, सभांची आणि हातातल्या मोबाईलची धांदल आहे, त्यांनी रोज रात्री स्वतःस एकच प्रश्न विचारावा : आज माझ्या दिवसात देव कितव्या स्थानी होता?

काम सोडा असे आम्ही कोणास म्हणत नाही. गोन्सालो यांस देवाने वेगळे पाचारण केले. सर्वांस तसे होत नाही. लुईस इबाराकीच्या शेजारी निशिझाकावर सुतार होता, वैद्य होता, स्वयंपाकी होता. ते आपापल्या कामातूनच तेथवर पोहोचले. काम राहू द्यावे, त्याचा क्रम बदलावा. आधी देव, मग व्यवहार.

हे मंदिर आपल्या पूर्वजांनी पुष्कळ कष्टांनी राखिले. पुढील ज्युबिली येईल तेव्हा आपल्यांपैकी कित्येक या जगी नसू. तेव्हा भिंती तर कदाचित उभ्या असतील. त्यांच्या आत गुडघे टेकणारे कोणी असतील की नाही, हे आजच्या आईबापांच्या हाती आहे. संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या प्रत्येक घरास, प्रत्येक फडास आणि प्रत्येक खोपीस आपला पहिला मान ओळखण्याची कृपा देवो, हीच आमची प्रार्थना. आमेन.